कागदावरच्या राजवाड्यात लाल दिवा लागतो, पांढरे का लागत नाहीत?

ताई, तुम्ही विचारलंय की नऊ वर्षांच्या मुलीसोबत इंदूरच्या सात मजली राजवाड्याचं चित्र केलं, मागून तांब्याची पट्टी चिकटवून एक लाल आणि दोन पांढरे एलईडी लावले, पण नवा सेल घालूनही फक्त लाल लागतो. तर दिवे खराब नाहीत, सेलही नाही. लाल एलईडी साधारण २ व्होल्टवर पेटतो, पांढऱ्याला आणि निळ्याला ३ च्या आसपास लागतात. सीआर२०३२ हा बटन सेल आहे ३ व्होल्टचा, पण त्याच्यात दम कमी. लाल दिवा लागला की व्होल्टेज खाली येतं आणि पांढऱ्यांना पुरत नाही. लाल काढून बघा, बहुतेक पांढरे लागतील.

म्हणून मी मुलांकडून सगळे दिवे पांढरेच लावून घेते, आणि रंग कागदाचा घेते. खिडक्या कापायच्या, मागून पतंगाचा किंवा जिलेटीन कागद चिकटवायचा. अनंत चतुर्दशीला मिलच्या झांक्या, म्हणजे दिव्यांनी सजवलेले चित्ररथ, पाहिलेली आपली इंदूरची मुलं, त्यांना रंगीत उजेड हवाच असतो. पतंगाच्या कागदातून तो मऊ येतो, एलईडीचा टोचरा ठिपका दिसत नाही. सात मजल्यांना सात दिवे मात्र नकोत, एका सेलवर तीन-चार पुरे.

लाल काढूनही लागले नाहीत, तर पट्टीचे सांधे बघा. स्वस्त पट्टीच्या खालच्या डिंकातून वीज जात नाही, त्यामुळे कोपऱ्यावर तुकडा कापून दुसरा वर चिकटवला की वाट तिथेच तुटते. कोपऱ्यावर पट्टी न कापता दुमडून वळवा. एलईडीचे पायही पट्टीखाली घालू नका. दोन बाजूंना फाकवून तांब्यावर टेकवा आणि वरून सेलोटेप घट्ट दाबा. दोन पट्ट्या समांतर, मध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखे दिवे, सगळे लांब पाय प्लसच्या पट्टीवर. एकामागे एक ओवलेत तर दोन पांढऱ्यांनाच ६ व्होल्ट लागतील.

चिकटवण्याआधी प्रत्येक दिवा सेलवर तपासायचं काम मुलीलाच द्या. लांब पाय + खूण असलेल्या बाजूला, आखूड दुसऱ्या बाजूला. पाय उलटे टेकवले की दिवा लागत नाही, हे तिला स्वतःच्या हाताने कळू द्या. माझ्याकडची मुलं इथेच सगळ्यात जास्त वेळ रमतात, मी घाई करत नाही.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. घरात लहान भावंड असेल तर सेल मोजून द्या आणि मोजून परत घ्या. बटन सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आत भाजतं. शंका आली तरी उलटी करवायला बसू नका, थेट दवाखाना गाठा. चित्रातही सेल नुसता कागदाच्या घडीत ठेवू नका, वरून टेपने पक्का बंद करा.