संगणकावरचा प्रोजेक्ट आणि काचेचा कॉलम

प्रश्न : माझी मानेवाड्यात पिठाची चक्की आहे. मुलगी केमिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिने सतत चालणाऱ्या क्रोमॅटोग्राफीच्या ऑप्टिमायझेशनचा प्रोजेक्ट घेतला आहे आणि दिवसभर लॅपटॉपसमोर असते. मिहानमधल्या एका आयटी कंपनीची ऑफर हातात आहे, पण तिला गेट देऊन याच विषयात एमटेक करायचं आहे. हा विषय फार अरुंद नाही का? नागपुरात याची नोकरी मिळेल का? – एक वडील, नागपूर

नमस्कार भाऊ,

तुमची चक्की आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते. एकाचे गहू दळून झाले की पुढच्याची ज्वारी टाकण्याआधी चक्की मोकळी करावी लागते. औषध कारखान्यांत मिश्रणातले पदार्थ वेगळे करण्याचं काम बरेचदा असंच घाण्याघाण्याने चालतं. बारीक मण्यांनी भरलेल्या कॉलममध्ये, म्हणजे उभ्या नळीत, मिश्रणाचा एक घाणा सोडायचा आणि वरून द्रावक वाहतं ठेवायचं. मण्यांना कमी चिकटणारा पदार्थ आधी बाहेर पडतो, जास्त चिकटणारा मागून येतो. हीच क्रोमॅटोग्राफी. मग कॉलम धुऊन पुढचा घाणा. मी आठ वर्षं हेच काम केलं. किलोभर शुद्ध मालासाठी शेकडो लिटर द्रावक वापरायचं आणि ते उकळून, थंड करून परत मिळवायचं. त्या वाफेचा खर्च पाहून जीव तुटायचा.

तुमची मुलगी घाणे बंद करून हे काम अखंड कसं चालेल ते शोधते आहे. सीताबर्डीच्या मेट्रो स्टेशनवर खाली येणाऱ्या सरकत्या जिन्यावर दोघे जण वर चढू लागले, असं समजा. भरभर चालणारा वर पोचेल, हळू चालणारा पायऱ्यांबरोबर खाली येईल. मधूनच माणसं सोडत राहिलं तरी दोन टोकांना दोन वेगळे गट जमतील. पायऱ्या म्हणजे मणी, माणसं म्हणजे पदार्थ. मण्यांचा थर असा खरोखर सरकवला तर मणी झिजतात, म्हणून अनेक कॉलम गोल साखळीत जोडतात आणि ठरावीक मिनिटांनी आत येण्याच्या व बाहेर जाण्याच्या जागा व्हॉल्व्हने एकेक कॉलम पुढे सरकवतात. याला सिम्युलेटेड मूव्हिंग बेड म्हणतात. त्याचं पेटंट 1961 सालचं आहे.

अरुंद म्हणाल, तर तुमच्या अंगातल्या पॉलिएस्टरच्या शर्टापर्यंत हा विषय पोचतो. त्यासाठी लागणारं पॅराझायलीन आणि त्याचं भावंड मेटाझायलीन यांच्या उत्कलनबिंदूंत जेमतेम एका अंशाचा फरक आहे. उकळून ते वेगळे होत नाहीत, या पद्धतीने होतात. ग्लुकोजपासून फ्रुक्टोज वेगळं करायला हीच पद्धत वापरतात. फिट्सच्या रुग्णांना देतात ते लेव्हेटिरासिटॅम त्याच्या आरशातल्या प्रतिबिंबासारख्या रेणूपासून याच मार्गाने वेगळं केलं गेलं आहे. मधुमेहाच्या नव्या इंजेक्शनांतल्या पेप्टाइडचं शुद्धीकरणही क्रोमॅटोग्राफीवरच उभं आहे. औषधांच्या अखंड उत्पादनासाठी क्यू-13 ही आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रं 2022 मध्ये पक्की झाली, त्यामुळे कंपन्यांची भीडही हळूहळू मोडते आहे.

आता पुढचं थोडं मुलीसाठी. तिला वाचायला द्या.

बेटा, पदार्थ मण्यांना किती चिकटतो ते सांगणारे तुझ्या प्रोजेक्टमधले स्थिरांक कुठून आले? एखाद्या शोधनिबंधातून उचलले असतील आणि त्यावर जेनेटिक अल्गोरिदमच्या, म्हणजे फेरीगणिक उत्तर सुधारत नेणाऱ्या संगणकी पद्धतीच्या, हजार फेऱ्या चालवल्या असतील, तर तो प्रोजेक्ट मला अपुरा वाटतो. कारण सांगते. समजायला सोपे आकडे घेऊ. जास्त चिकटणाऱ्या पदार्थाचा हेन्री स्थिरांक 3, कमी चिकटणाऱ्याचा 2. फीडच्या, म्हणजे मिश्रण आत येतं त्या जागेच्या, अलीकडच्या आणि पलीकडच्या विभागांतली द्रव आणि मणी यांच्या प्रवाहांची गुणोत्तरं, म्हणजे तुझे एम-दोन आणि एम-तीन, या दोन आकड्यांच्या मध्ये असायला हवीत. त्यांच्यातला फरक जितका मोठा तितकं जास्त मिश्रण घेता येतं. चालू शकणाऱ्या अशा जोड्यांचा आलेखावर त्रिकोण होतो, म्हणून संगणक तुला त्या त्रिकोणाच्या टोकावर नेऊन बसवतो : 2 आणि 3. कागदावर सर्वांत जास्त उत्पादन, सर्वांत कमी द्रावक.

आणि मग नागपूरचा मे महिना येतो. तापमान वाढलं की चिकटणं सहसा कमी होतं. दोन्ही स्थिरांक दहा टक्क्यांनी उतरले, तर ते 2.7 आणि 1.8 होतात. तुझं एम-तीन अजून 3 वरच आहे, त्यामुळे जास्त चिकटणारा पदार्थ राफिनेटमध्ये, म्हणजे कमी चिकटणारा पदार्थ घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रवाहात, घुसतो आणि शुद्धता गेली. तेच 2.1 आणि 2.6 वर चालवलं असतंस तर दोन्ही स्थितींत माल शुद्ध राहिला असता, पण फीड निम्म्यावर आलं असतं. किती आत सरकायचं, हा निर्णय म्हणजे खरं ऑप्टिमायझेशन. आमच्या कारखान्यात एका उन्हाळ्यात कॉलमच्या जॅकेटचं, म्हणजे भोवतीच्या आवरणातलं, थंड पाणी बंद पडलं. आम्ही घड्याळ पाहून माल गोळा करत होतो आणि पदार्थ वेळेआधीच बाहेर पडत होता. दोन दिवसांचा माल मिसळला. तेव्हापासून तापमान न लिहिलेला कुठलाही स्थिरांक मी स्वीकारत नाही.

तर पंधरा दिवस एक कॉलम स्वतः चालव. ग्लुकोज-फ्रुक्टोज घे, मणी म्हणून कॅल्शियम रूपातलं कॅटायन एक्स्चेंज रेझिन घे, द्रावक म्हणून पाणी. स्वस्त आहे, विषारी नाही. कॉलमला जॅकेट हवं आणि त्यात 60 अंशांचं पाणी फिरतं ठेव. एचपीएलसी, म्हणजे प्रत्येक पदार्थ वेगळा मोजणारं यंत्र, मिळालं नाही तरी अडत नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर एकूण साखर कळते आणि पोलॅरिमीटरवर तिची विभागणी, कारण ग्लुकोज प्रकाशाचं प्रतल उजवीकडे फिरवतं आणि फ्रुक्टोज डावीकडे. दोन अज्ञातं, दोन उपकरणं. मात्र ग्लुकोजचं ताजं द्रावण मोजू नकोस, त्याचा कोन बदलत जातो. रात्रभर ठेव आणि सकाळी मोज. मग हे आकडे तुझ्या प्रोग्रॅममध्ये घाल आणि त्रिकोण कुठे सरकतो ते बघ. मुलाखतीत या पंधरा दिवसांबद्दल तू तासभर बोलू शकशील.

भाऊ, आता नोकरीचं. ‘सतत क्रोमॅटोग्राफी इंजिनिअर हवा’ अशी जाहिरात तुम्हाला दिसणार नाही. तिने डाउनस्ट्रीम प्रोसेसिंग, प्युरिफिकेशन, प्रोसेस डेव्हलपमेंट, प्रोसेस मॉडेलिंग हे शब्द शोधावेत. आपल्याकडे अजून बरेच कारखाने घाण्यानेच चालतात, त्यामुळे सुरुवातीला तेच काम करावं लागेल, आणि ते केलेलं चांगलंच. एमटेकसाठी आपल्या गावात व्हीएनआयटी आहे. 1942 पासूनचं एलआयटी, म्हणजे लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, आता विद्यापीठ झालं आहे. मुंबईचं आयसीटी, म्हणजे रसायन तंत्रज्ञान संस्था, आहे, आयआयटी आहेत. पण संस्थेच्या नावाआधी तिथे शुद्धीकरणावर काम करणारे प्राध्यापक आहेत का, हे तिने बघावं आणि त्यांना आधी पत्र लिहावं.

आयटीची ऑफर वाईट नाही. घरात कर्ज असेल, धाकट्याचं शिक्षण असेल, तर ती घ्यायला मी हरकत घेणार नाही. गेटचा स्कोअर निकालापासून तीन वर्षं चालतो. यंदा परीक्षा देऊन वर्षभर नोकरी करता येते. मात्र पैशाची तशी नड नसेल तर माझं मत तिच्या बाजूने आहे. प्रोग्रॅम लिहिता येतो आणि कॉलमही भरता येतो, अशी मुलं मुलाखती घेताना मला फार थोडी भेटली.

नागपूरबद्दल खरं तेच सांगते. या कामाच्या बहुतेक जागा हैदराबाद, बंगळुरू, मुंबई, पुणे, वडोदरा इकडे आहेत. बुटीबोरीत आणि हिंगण्याला रासायनिक कारखाने आहेत, पण नेमकं हे शिकवणारं काम तिथे पहिल्याच वर्षी मिळेल असं मी म्हणणार नाही. पहिली काही वर्षं ती घराबाहेर राहील. तुमच्या पत्रातला खरा प्रश्न हाच असावा असं मला वाटलं. तो तिच्याशी मोकळेपणाने बोला, ऑफरला उत्तर देण्याची तारीख येण्याआधी.