मनःशांती, शिस्त, नेतृत्व आणि जगण्याचा हेतू, हे सगळं कुठे शिकायला मिळेल?

तुम्ही चार गोष्टी एकदम विचारल्यात, पण मी त्या चारही एकाच जागी बघितल्यात म्हणून तेवढंच सांगतो. माऊलींच्या पालखीची समाजआरती.

आळंदी ते पंढरपूर वारीतलं रिंगण टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेलं असतं, अश्व धावताना वगैरे, पण मला विचाराल तर वारीतली सगळ्यात मोठी गोष्ट संध्याकाळी तळावर घडते. दिवसभर ऊन-पावसात चाललेली हजारो माणसं, दिंड्या पालखीभोवती गोल करून उभ्या, टाळ-मृदंग जोरात चालू, आणि चोपदार, म्हणजे सोहळ्याची शिस्त सांभाळणारे, हातातला चोप (दंड) वर करतात. बास, सगळे टाळ थांबतात. पायाला फोड आलेली, भुकेलेली माणसं एका क्षणात गप्प होतात, अंगावर काटा येतो हो.

पण एखाद्या दिंडीचे टाळ वाजतच राहतात, मुद्दाम. याचा अर्थ त्यांची काहीतरी तक्रार आहे, चालताना क्रम मोडून कोणी मध्ये घुसलं असेल, पाण्याचा टँकर आला नसेल. मग चोपदार स्वतः त्या दिंडीपर्यंत चालत जातात, ऐकून घेतात, मार्ग काढतात, तेव्हा कुठे ते टाळ थांबतात आणि तोवर बाकी सगळे उभे. मग काय हरवलं काय सापडलं ते पुकारतात, उद्या किती वाजता निघायचं ते सांगतात आणि मग आरती.

मला नेतृत्व म्हणजे हेच वाटतं, जो गप्प बसत नाहीये त्याच्याकडे आपण चालत जायचं. आणि शांतता पण तीच खरी, ऐकून घेतल्यावर आलेली. मी कारखान्यात शिफ्ट सांभाळतो, तिथे दाबून गप्प केलेली माणसं रोज बघतो, ती शांतता दुसऱ्या दिवशी मशीनवर बाहेर पडते. म्हणून आता शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कोणाचं काय अडलंय ते पहिलं विचारतो, टार्गेट नंतर.

शिस्तीचं म्हणाल तर सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमारास, आणि ते शिंद्यांच्या दरबारी चाकरी केलेले सरदार होते. त्यामुळे दिंड्यांना नंबर, पालखीच्या रथापुढे 27 आणि बाकीच्या रथामागे, प्रत्येकाची जागा ठरलेली. पण ही शिस्त शिक्षेच्या भीतीने पाळली जात नाही, आपल्यामुळे मागच्याचं चालणं अडू नये एवढंच प्रत्येकाच्या मनात असतं.

आणि हेतू? तो निघतानाच ठरलेला असतो, आषाढी एकादशीला पंढरपूर. एवढं चालून कित्येकांना गाभाऱ्यातलं दर्शन मिळत नाही, कळसाला हात जोडून माघारी फिरतात आणि तरी पुढच्या वर्षी पुन्हा येतात. मिळेल की नाही यावर चालणं अवलंबून ठेवलेलंच नाही त्यांनी. हेतू सापडल्याशिवाय काही सुरूच करावंसं वाटत नसेल, तर यावर जरा विचार करा.

पूर्ण वारी जमत नसेल तर लोणंद किंवा फलटणच्या तळावर एक संध्याकाळ जाऊन या. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीतून निघते, मुक्कामाच्या तारखा आधी जाहीर होतात, आणि पालखी यायच्या बऱ्याच आधी पोचा कारण नंतर रस्ते बंद असतात.