पांढऱ्या डोक्याचा ‘काळ्या डोक्याचा कुरव’

प्रश्न असा आहे: हिवाळ्यात तळ्यावर नेहमीच्या कुरवांमध्ये (इंग्रजीत ‘गल’) एक अंगाने बराच मोठा कुरव दिसला. जाणकारांनी त्याचं नाव ‘मोठा काळ्या डोक्याचा कुरव’ असं सांगितलं. पण त्याचं डोकं तर पांढरं होतं! मग हे नाव चुकलं का? आणि नोंदीत ‘दुर्मीळ सीगल’ लिहावं का?

नाव चुकलेलं नाही, ते दुसऱ्या ऋतूतलं आहे. ‘लाल चोचीचा’, ‘लांब शेपटीचा’ असं म्हटलं की तो गुण त्या पक्ष्याला कायमचा चिकटलेला आहे असं मराठी कानाला वाटतं. या कुरवांची नावं मात्र त्यांच्या विणीच्या हंगामातल्या रूपावरून पडली आहेत. वीण संपली की डोक्यावरची काळी टोपी उतरते. याहून छोट्या, नुसता ‘काळ्या डोक्याचा कुरव’ म्हणवणाऱ्या पक्ष्याच्या कानाजवळ तेवढा एक गडद ठिपका उरतो, तर या मोठ्याच्या डोळ्याभोवती आणि मागे काळपट छटा राहते. हिवाळा सरता सरता टोपी पुन्हा चढू लागते, त्यामुळे त्याच तळ्यावर तोच पक्षी काही आठवड्यांनी नावाला जागलेला दिसू शकतो. छोट्याची टोपी तर उन्हाळ्यातही खरं म्हणजे चॉकलेटी असते, लांबून ती काळी वाटते इतकंच. म्हणून हिवाळ्यात नावातल्या ‘डोक्या’वर विसंबू नये. आकार पाहावा, चोच पाहावी. मोठ्याची चोच जाड, पिवळी आणि टोकाजवळ काळा पट्टा असलेली असते.

या मोठ्या कुरवाचं शास्त्रीय नाव ‘इक्थिएटस इक्थिएटस’. ग्रीकमधून त्याचा अर्थ होतो मत्स्यगरुड! पण मराठीत मत्स्यगरुड हा वेगळाच शिकारी पक्षी, तेव्हा हा अनुवाद इथे वापरता येणार नाही.

‘सीगल’ मला इथे अजिबात पटत नाही. तळ्यावरच्या पक्ष्याला समुद्र चिकटवायचा कशाला? हा कुरव वीणसुद्धा मध्य आशियातल्या सरोवरांकाठी घालतो. ‘समुद्रपक्षी’ म्हणजे तर अख्खा गट झाला. कुरव हा शब्द नेमका आहे, पुल्लिंगी आहे, सहज चालतो: तो कुरव, कुरवाची चोच, कुरवांचा थवा. फक्त त्याची सुरयाशी गल्लत करू नका. सुरय सडपातळ, टोकदार चोचीचा असतो आणि बहुतेक सुरयांची शेपटी दुभंगलेली असते.

राहिला ‘दुर्मीळ’. (मी दीर्घ लिहितो, पण ‘दुर्मिळता’ ऱ्हस्व.) जो पक्षी एकूणच कमी उरला आहे त्यासाठी हा शब्द राखून ठेवावा. किनाऱ्यावर नेहमी भेटणारा पक्षी तुमच्या तळ्यावर एकदाच आला, तर तो ‘इथे क्वचित दिसणारा’. एकच शब्द हवा असेल, तर गाण्यातल्या क्वचित ऐकू येणाऱ्या रागांसाठी वापरतात तो ‘अनवट’ मला फार आवडतो. ‘आज तळ्यावर एक अनवट कुरव आला होता’ असं लिहून पाहा.