गावात समवयस्क शिक्षक तयार करायचे आहेत, प्रशिक्षण कसं आखावं?

तुम्ही लिहिलंय की १३ ते १७ वयाच्या मुलांना आरोग्य आणि जीवनकौशल्यांसाठी तयार करायचंय, शाळेकडून हुशार मुलांची यादी मागवलीय, आणि तीन दिवसांचं वेळापत्रक हवंय. वेळापत्रकाचं नंतर बघू. आधी ती यादी परत पाठवा.

मी देवगड तालुक्यात काही वर्षं आशा सेविकांची गटप्रवर्तक होते. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला. त्यात हजार लोकसंख्येमागे चार ‘साथिया’, म्हणजे तुमचे समवयस्क शिक्षकच, घ्यायचे, दोन मुली, दोन मुलगे. आमच्या एका गावात मुख्याध्यापकांनी चार नावं आयती हातात ठेवली: पहिला नंबर, दुसरा नंबर, सरपंचांची पुतणी आणि वक्तृत्वात ढाल आणलेला एक. मला हवा होता नववीत नापास झालेला, सुट्टीत काकाच्या होडीवर जाणारा पोरगा. कारण वाडीतल्या पोरांचं काही बिनसलं की ती त्याच्याकडेच जायची. सर म्हणाले, “तो मावा खातो, तो आरोग्य शिकवणार?” खात होता तंबाखूचा मावा, नाही म्हणत नाही. मी हट्टाने पाचवा म्हणून बसवला.

प्रशिक्षणात लोहाच्या निळ्या गोळीचा विषय निघाला. पहिल्या नंबरवाली उभी राहून घडाघडा म्हणाली, ६० मिलिग्रॅम लोह, ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड, दर आठवड्याला एक. टाळ्या झाल्या. हा गप्प. जेवणाच्या सुट्टीत मला शाळेमागच्या गडग्यापाशी (दगडी कुंपणापाशी) घेऊन गेला, दोन चिऱ्यांच्या फटीत बोटं घातली आणि बाहेर काढली ती निळी होऊन. आत गोळ्यांचा पावसाने झालेला लगदा. “ताई, हयसर बघा. कोणच खाणत नाय. सकाळी नुसती चाय घेवन येतत, वर गोळी घेतली काय मळमळता.”

गोळी जेवणानंतर द्यायची, हे शाळेला लेखी कळवलेलं होतं. पण सोमवारी प्रार्थनेलाच वाटली की रजिस्टर लवकर भरून होतं. आणि चहाबरोबर घेतलेलं लोह अंगी तरी किती लागणार? त्याने काय केलं, तर चेडवांना, म्हणजे मुलींना, सांगितलं, गोळी दप्तरात ठेवा, खिचडी खाल्ल्यावर घ्या, दुसऱ्या दिवशी शी काळी झाली तर घाबरू नका. दोन महिन्यांनी मी पुन्हा त्या फटीत बोट घातलं. कोरडं निघालं.

जागतिक आरोग्य संघटनेची दहा जीवनकौशल्यं फळ्यावर लिहून पाठ करून घेणार असाल, तर तीन दिवस फुकट जातील. नेमकी अडचण मुलांकडून काढा आणि तीच करून दाखवायला लावा: मित्राने पुडी पुढे केली तर काय बोलशील, आजी पाळीत बाजूला बसवते तिला काय सांगशील. प्रश्नपेटी ठेवा, पण चिठ्ठी प्रत्येकाने टाकायची, प्रश्न नसेल त्याने ‘प्रश्न नाही’ लिहून. नाहीतर कोण लिहितंय ते सगळी बघत बसतात.

एक मात्र आहे, हे मी पहिलंच लिहायला हवं होतं. कुणी मारहाणीचं किंवा अंगचटीचं सांगितलं तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन साथियाने देऊ नये. मोठ्या माणसाकडे किंवा १०९८ वर कळवायचं, हे पहिल्याच दिवशी शिकवा. चक्कर, धाप असेल तर रक्त तपासायला प्राथमिक आरोग्य केंद्र, गडग्यावरची वैद्यकी नाही.

गेल्या गणपतीत ते सर एसटी स्टँडवर भेटले. तुमचा तो साथिया काय करतो म्हणाले. होडीवर आहे म्हटलं. “बघा, मी म्हटलं नव्हतं?” जणू होडीवर जाणारा वायाच गेला! त्याच होडीवरच्या दोन खलाशांचा मावा त्याने सोडवला (स्वतःचा आधी), हे सांगेपर्यंत त्यांची गाडी लागली.

आणि हो, प्रश्नपेटीला कुलूप लावा. किल्ली शाळेत ठेवू नका.