रॅपमध्ये लतादीदी?

प्रश्न: भाचा मोबाईलवर अमेरिकन रॅप लावून बसलेला आणि मधेच चक्क लतादीदींचा आवाज! ही चोरी ना? (एक वाचक, फोंडा)

उत्तर: ते ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं २००२ चं 'अ‍ॅडिक्टिव्ह' हे गाणं असणार. त्यात १९८१ च्या 'ज्योती' सिनेमातलं 'थोडा रेशम लगता है' घेतलंय, संगीत बप्पी लाहिरींचं. जुन्या रेकॉर्डचा तुकडा कापायचा आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवायचा, याला सॅम्पलिंग म्हणतात, हिप हॉप, म्हणजे रॅपवालं संगीत, त्यावरच वाढलं, कलाच आहे ती. पण इथे परवानगीच घेतली नव्हती, मग बप्पीदा कोर्टात गेले आणि त्यांचं नाव दिल्याशिवाय सीडी विकायची नाही असा आदेश झाला, बरोबरच झालं! आणि दीनानाथांचं मंगेशी तुमच्या तालुक्यातलंच हो, भाच्याला मूळ गाणं ऐकवाच.