नाताळ झाल्यावर खऱ्या ख्रिसमस ट्रीचं नागपुरात काय करावं?
आधी बघा, झाड कुंडीतलं आहे की तोडलेलं. नर्सरीतला कुंडीतला अरॉकेरिया (ख्रिसमस ट्री म्हणून विकतात ते सूचिपर्णी झाड) असेल तर तो जिवंत आहे, कृपा करून टाकू नका! चमकी, दिवे काढा आणि सकाळचं कोवळं ऊन येईल तिथे ठेवा. शेंडा कधीच छाटू नका, झाडाचा आकार कायमचा बिघडतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा हिरव्या जाळीखाली हलवा. पुढच्या डिसेंबरात तेच सजवता येईल.

सुरूची तोडलेली फांदी असेल तर बारीक तुकडे करून कुंड्यांत मातीवर पसरा, ओल टिकते. खतात टाकायची तर भाजीचा ओला कचरा सोबत घाला, नुसती सुरू कुजायला फार वेळ लागतो. नकली बर्फ फवारलेली फांदी मात्र खतात नको. आणि जाळू तर अजिबात नका.