जबर विद्युतक्षेत्रात तेलाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक बदलतो का?

खानापूरहून आलेला प्रश्न: ट्रान्सफॉर्मरच्या तेलावर व्होल्टेज वाढवत नेलं तर त्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक बदलतो का?

हा स्थिरांक म्हणजे पदार्थ आपल्या आतलं विद्युतक्षेत्र किती पटीने कमी करतो त्याचं माप. तेलाचा जवळजवळ बदलत नाही. पाण्याचा बदलतो, पण त्याला प्रचंड क्षेत्र लागतं. पाण्याचा रेणू मुळातच द्विध्रुवी, म्हणजे एक टोक धन, दुसरं ऋण. क्षेत्र त्याला आपल्या दिशेला वळवतं, उष्णता ती रांग विस्कटते. या ओढाताणीतून खोलीच्या तापमानाला सुमारे 80 हा स्थिरांक येतो. क्षेत्र मीटरला 10 कोटी ते 100 कोटी व्होल्टच्या घरात गेलं की बरेचसे रेणू आधीच वळलेले असतात, आणखी वळायला फारसे उरत नाहीत आणि स्थिरांक घसरतो. ही संपृक्तता. मिठाच्या पाण्यात प्रत्येक आयनाला खेटून असलेल्या थरात ती असतेच, ही मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

ट्रान्सफॉर्मरचं खनिज तेल जवळपास अध्रुवी, म्हणजे वळवायला अशी टोकंच नाहीत; स्थिरांक 2.2 च्या आसपास. तिथे वाढते ती वाहकता: क्षेत्रामुळे अशुद्ध घटकांचे जास्त आयन सुटतात. याचं गणित शास्त्रज्ञ लार्स ऑन्सागर यांनी 1934 मध्ये मांडलं. शिवाय संपृक्ततेच्या कितीतरी आधी ठिणगीच पडते; तेलाच्या चाचणीत 2.5 मिमी फटीवर 30 केव्ही (किलोव्होल्ट) म्हणजे मीटरला फक्त 1.2 कोटी व्होल्ट.

खानापूरच्या पावसात काळजी ओलाव्याची करा. ओलसर तंतू जास्त क्षेत्राकडे ओढले जातात आणि इलेक्ट्रोडांमध्ये पूल बांधतात. ब्रीदरमधलं (ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारी हवा कोरडी करणाऱ्या डब्यातलं) निळं सिलिका जेल गुलाबी झालं की लगेच बदलून घ्या.